झुमरीची लय

माणसांनी नद्यांना नावं देण्याआधीची ही गोष्ट. एका गढूळ नदीत झुमरी नावाची म्हातारी मासळी राहायची. तिच्या अंगातून विजेची बारीक लहर सतत निघे. त्या लहरीवरूनच तिला दगड, मुळं, शत्रू सगळं कळे.

एकदा तिथे पोवळी नावाची कोवळी मासळी आली. तिच्या लहरीची लय नेमकी झुमरीसारखीच! लहरी एकमेकींत मिसळल्या आणि दोघीही आंधळ्या झाल्या. त्यात कुठूनसा शिकारी माशाचा वास आला.

"आजी, मी माझी लहर थांबवते," पोवळी घाबरून म्हणाली.

"मग तुला वाट कशी दिसेल? तू लय चढव, मी उतरवते."

लगेच लहरी वेगळ्या झाल्या, दोघींना शिकारी कुठे आहे ते कळलं आणि त्या निसटल्या.

"पोरीसाठी उतरलीस होय?" दगडाआडून हे पाहणाऱ्या एका खेकडीने झुमरीला खिजवलं.

"उतरले की!" झुमरी दिमाखात म्हणाली. "म्हणून तर माझ्यामागेही या गढुळात कुणीतरी डोळस राहील."