पोशीने दाखवलेला खाडीचा तळ

वेळापूरच्या राजाने हट्टच धरला! विद्यापीठात समुद्रजीवांचा आचार्य हवा, पण त्याच्या पायाच्या करंगळीलाही खारं पाणी लागता कामा नये. कारण मागचे आचार्य कालवं पाहायला म्हणून होडीत बसले, ते दुप्पट पगारावर परदेशी गलबतात चढून पसार झाले होते.

राजाने परीक्षा ठरवली, "पाण्यात न उतरता, होडी न सोडता, खाडीच्या तळाशी काय आहे ते आजच्या आज दरबारात दाखवा!"

भल्याभल्यांनी काढता पाय घेतला. उरला एकटा वागीशशास्त्री, प्रधानाचा भाचा. समुद्र कोसभरावर, पण याने तो फक्त चित्रात पाहिलेला. ग्रंथ मात्र जाडजूड लिहिला होता. त्यात म्हटलं होतं, पावसाळा सरला की समुद्र दोन महिने झोपतो, तेव्हा बंदर बंद ठेवावं. आणि बंदराचा निर्णय आचार्याच्याच शब्दावर व्हायचा!

मुदपाकखान्यात मासळी पोचवायला आलेल्या पोशी कोळणीच्या कानावर हे पडलं. आश्विन चालू होता. ऐन हंगामात बंदर बंद, म्हणजे अख्ख्या कोळीवाड्याच्या चुली थंड! राजाच्या जेवणासाठी आणलेला शिंगाळा मासा तिने परत उचलला आणि तडक दरबार गाठला.

विद्यापीठ सर्वांचं, असं दरवाजावर सात भाषांत कोरलं होतं. परीक्षक पाच, पाचही एकाच गल्लीतले. पोशीला पाहताच पाचांनी एकदम नाकाला उपरणं लावलं.

"शिक्षण कुठं झालं?"

"बंदरावर, आयच्या हाताखाली."

"ग्रंथ किती लिहिलेस?"

"एक बी नाय. तुम्ही मासं किती पायलेत?"

"पंचांगातला मीन धरायचा का?" एका परीक्षकाने शेजारच्याला हळूच विचारलं.

"हिला हाकला, महाराज!" प्रधान ओरडला.

"मग दारावरची अक्षरं कुणी पुसायची? तुम्ही?" राजा म्हणाला. "शास्त्रीबुवा, आधी तुम्ही."

वागीशशास्त्रीने ग्रंथ उघडला. "तळाशी सोनेरी वाळू आहे, मोत्यांच्या राशी आहेत, त्यांवर जलचर निजले आहेत."

"दाखवा!"

"ते पुढच्या खंडात, महाराज."

पोशीने शिंगाळा चौरंगावर आडवा टाकला, कोयत्याने त्याचं पोट फाडलं आणि आतला ऐवज ताटात ओतला. काळा चिखल, खेकड्याचे पाय, चुरडलेल्या शिंपल्या, कोळंबी, दोन लांब किडे!

"ह्यो घ्या तळ! शिंगाळा चरतो खाली चिखलात. वर येताना सगलं घेऊन येतो."

"ही पाण्यात उतरली!" प्रधान किंचाळला.

"मी नाय, ह्यो उतरला! आनि ह्यो तर म्हाराजांच्याच मुदपाकखान्यातला."

"पण समुद्र तर झोपलाय!" वागीशशास्त्री चिडून म्हणाला.

पोशीने ताट त्याच्या नाकाखाली धरलं. "झोपलाय? मंग सकाळच्या पारी ह्यो कुनाच्या घरी जेवून आला, शास्त्रीबुवा?"

राजा इतका हसला, की त्याचा मंदील कानावर उतरला. त्याने तिथल्या तिथे आचार्यपदाची शाल पोशीच्या खांद्यावर टाकली आणि बंदर उघडं ठेवण्याच्या हुकुमावर शिक्का मारला.

"उद्या सकाळीच वर्ग सुरू करा, आचार्यबाई!"

"दुपारी येईन, म्हाराज," पोशी कोयता पुसत म्हणाली. "सकाळी बाजार असतो. आनि शिकायला पयले ह्या पाचांना बसवा!"