आधी बोली, मग पदर: ठमाबाईच्या वशाची कहाणी

ऐका वेसाई माते, तुमची कहाणी. आणि बायांनो, कुजबूज पुरे, तुम्हीही ऐका. आटपाट नगर होतं, घरं त्यात अफाट होती. पण ठमाबाईला त्यांतलं एकही नव्हतं.

नवरा वारला, दिरांनी बाहेर काढलं. मग ती लेकीला घेऊन धर्मशाळेत गेली. तिथून तीन रात्रींनी हाकलली. मग देवळाच्या ओवरीत, मग वेशीच्या कमानीखाली. लेक विचारी, "आई, आपलं घर कुठं गं?" ठमाबाई तिच्या डोईवर पदर धरी.

वेशीशी तिच्यासारख्या आणखी बाया होत्या. वाड्यातली दासी हाक मारी, "चला गं दळायला!" ठमाबाई पदर खोची, धावत जाई, दिवसभर जातं ओढी. तिन्हीसांजेला राणी शिळी भाकरी टाकी. "पोटाला मिळालं ना? मग झालं तर!" उद्या हाक येईल न येईल. असं पोटावारी राबून हाडांची काडं झाली.

एके दिवशी एक जख्ख म्हातारी आली. खेकसली, "अगं, इतकी राबतेस, मग उघड्यावर का?"

"आजी, पोटावारी राबून घर कुठून?"

"मग वसा घे. हाक आली की आधी बोली करावी, मग पदर खोचावा. दिवसाच्या कामाचा रोजमुरा मागावा, बारमाही काम मागावं, डोईवर छप्पर मागावं. मागताना मान खाली घालू नये. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये." म्हातारी दिसेनाशी झाली. ती वेशीवरची वेसाईच.

पहिली हाक आली. मेली सवय! ठमाबाईनं पदर खोचला, बोली राहिली, शिळी भाकरीच मिळाली. दुसरी हाक आली. तिनं बोली केली. दासी फिदीफिदी हसली, दुसरीला घेऊन गेली. लेक उपाशी निजली. ठमाबाई रडली. मग डोळे पुसले, सगळ्याजणींना वसा सांगितला.

तिसरी हाक आली. राजकन्येचं लग्न होतं, दळणाच्या राशी होत्या. दासी आली, कोणी उठेना. दिवाण आला, कोणी उठेना. मग राणी आली. "माजलात गं भिकारड्यांनो! उपाशी मराल!"

ठमाबाई म्हणाली, "राणीबाई, उतणं मातणं आम्हांला वशातच वर्ज्य. हा माज नव्हे, ही बोली आहे. आणि उपाशी काय, तुमचं दळूनही उपाशीच होतो."

लेक रडू लागली. ठमाबाईनं तिला पोटाशी धरलं, पण उठली नाही. कोणीच उठली नाही.

राणी फणकाऱ्यानं गेली. स्वतः जात्याला बसली. हाताला फोड आले, पीठ निघालं ओंजळभर. वऱ्हाड वेशीशी येऊन ठेपलं. मग राणी पुन्हा आली. रोजमुरा कबूल, बारमाही काम कबूल, प्रत्येकीला खोली कबूल. ठमाबाईनं ते चारचौघांत तीनदा वदवून घेतलं. मग सगळ्यांनी पदर खोचले.

लग्न पार पडलं. राणी म्हणाली, "बाई, मलाही वसा सांग." ठमाबाई म्हणाली, "तुम्हांला सोपा आहे. राबणारीचा घाम वाळायच्या आत तिचं तिला द्यावं, आणि त्याला दान म्हणू नये."

वेसाई जशी ठमाबाईला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ज्यांच्या घरी कामाला बाई येते, त्यांनी माना खाली घालू नका, कान उघडे ठेवा. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचा उत्तरी, हक्कानं मागून घेतली, सुफळ संपूर्ण.