दुखणं खांद्याचं नव्हतं

दसऱ्याची सकाळ, आठचा सुमार. एका राजाच्या गजशाळेत माहूत लिंबाजी पेंढ्यावर पडून होता. आदल्या दिवशी हत्तीने त्याला खांबाशी दाबलं होतं. "मुद्दाम नाही हो, माशी उडवायला वळला तो," लिंबाजी सांगत होता. डावा खांदा ठणकत होता आणि संध्याकाळी सीमोल्लंघनाच्या स्वारीचा हत्ती त्यालाच हाकायचा होता.

राजा दरबाऱ्यांसह तिथे आला आणि त्याने दोघांना बोलावलं. एक राजवैद्य त्र्यंबकशास्त्री, दुसरी हाडं बसवणारी तान्हूबाई.

शास्त्रीबुवांना ती डोळ्यांसमोर नको असे. श्रावणात तिने राणीचं मनगट बसवलं आणि राजाने भर दरबारात तिला शालजोडी दिली. तेव्हापासून रोज नदीवर जाताना शास्त्रीबुवा तिच्या ओसरीखालच्या चपला मोजत. त्यांच्या ओसरीखाली तितक्या नसत.

तान्हूबाईने लिंबाजीचा खांदा दाबला, हात उचलून फिरवला. त्याने हूं की चूं केलं नाही. मग ती म्हणाली, "आता खोल श्वास घे." तो कळवळला.

"महाराज, खांदा धड आहे. इजा आत आहे, बरगड्यांखाली. छातीच्या तळाशी श्वासाचा पडदा असतो, त्याला ती इजा डिवचतेय. त्याची नस मानेतून निघते आणि काळजाच्या कडेने खाली उतरते. खांद्यालाही मानेतल्या त्याच जागेहून नस येते. दोन वाड्यांचा सांगावा एकच जासूद आणत असला, की आग कुठल्या वाडीत लागली ते कळत नाही. तसं झालंय. याला आज हलवू नका."

शास्त्रीबुवा चपापले. तीस वर्षांपूर्वी गुरूंनी अगदी हेच शिकवलं होतं. नुसतं 'होय' म्हणायचं होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरी शालजोडी आली.

"आम्ही आपले खांदा दुखला की खांद्यालाच लेप लावतो," ते हसून म्हणाले. "बाईंकडे गुडघा दुखला की डोकं बांधत असतील."

दरबारी हसले.

"मला हवी तेवढी नावं ठेवा, शास्त्रीबुवा," तान्हूबाई म्हणाली. "पण त्याला हत्तीवर चढवू नका."

राजाने शास्त्रीबुवांकडे पाहिलं. "स्वारीला बसेल ना हा?"

"खुशाल बसेल, महाराज. गरम तेलाने चोळलं की झालं."

खांदा चोळला. स्वारी निघाली. वेशीबाहेर, सोनं लुटायच्या आधीच, लिंबाजी हत्तीच्या मानेवरून घसरला. पोटात रक्त साठलं होतं. तो पुन्हा उठला नाही.

"त्याचं आयुष्यच तेवढं होतं," शास्त्रीबुवांनी दरबारात सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तात्पर्य: दुसऱ्याचं खरं ठरू नये म्हणून जाणता माणूस खोटं बोलतो, तेव्हा त्याच्या मत्सरापायी जीव तिसऱ्याचाच जातो. लिंबाजीचा गेला. त्या सकाळी आठ वाजता शास्त्रीबुवांना काय ठाऊक होतं, हे त्यांना अजून कोणी विचारलेलं नाही.