कुंचीतला वरवंटा

फार जुनी गोष्ट नाही; घरोघरी मिक्सर येऊन स्थिरावले होते, तेव्हाची. ठोसरांचं बिऱ्हाड चौथ्या मजल्यावरच्या नव्या घरात निघालं होतं. द्वारकाबाई एकेक भांडं हातात घेऊन न्यायचं की टाकायचं ते ठरवत होत्या. पाट्यापाशी येताच त्या म्हणाल्या, "ही धोंड कोण वर चढवणार? राहू दे इथंच जिन्याखाली. वरवंटा तेवढा घ्या. सुनेचे दिवस भरत आलेत, बारशाला लागेल."

वरवंट्याचं डोकंच फिरलं. "एकटा जाऊन काय वाटू तिथं, माझं कपाळ?" तो पोत्यातून ओरडला.

"जा रे बाबा," पाटा म्हणाला. "मी पडलो जड."

"जड? तीन पिढ्यांच्या चटण्यांपायी माझे घाव सोसलेस तू, झिजलास तू, आणि आता जडही तूच झालास?"

नव्या घरात बारसं आलं. बायकांनी वरवंट्याला हळदकुंकू लावलं, जरीची कुंची घातली, गोविंद-गोपाळ म्हणत पाळण्याच्या खालून-वरून फिरवलं आणि बाळाशेजारी निजवलं.

"लाड कसले करता?" वरवंटा कडाडला. "मला लेकरू मानता ना? मग या लेकराच्या बापाला जिन्याखाली कसं टाकून आलात?"

मोठ्यांपैकी कोणालाच ते ऐकू गेलं नाही. शेजारच्या बाळाला मात्र गेलं. त्यानं असं भोकाड पसरलं की काही केल्या थांबेना.

"नवी जागा आहे," द्वारकाबाई त्याला थोपटत म्हणाल्या. "रुळेल हळूहळू."