अध्यक्षांचं ताट

"कॉलेजच्या मेसमधलं फुकटचं जेवण म्हणे उद्यापासून..." भाजीवाल्यापाशी एवढंच कानावर आलं, आणि ते बंद होणार हे गल्लीनं ठरवूनही टाकलं.

झालं होतं वेगळंच. कॉलेजचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी फुकट जेवणाऱ्या मुलांसाठी वेगळं बाक मांडून वर 'मोफत भोजन' अशी पाटी लावली होती. लाजेनं मुलं दोन दिवस उपाशी राहिली. वाढणाऱ्या गोदूताईंना घास गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी बापूसाहेब पाहणीला आले. पाहणीनंतर मेसमध्ये जेवण ठरलेलंच. गोदूताईंनी त्यांचं ताट त्याच बाकावर वाढलं.

"अहो बाई, मी इथे बसू?"

"जेवणाचं कूपन विकत घेतलंत का साहेब? बिनकूपनवाल्यांनी इथंच बसायचं, तुमचाच नियम."

बापूसाहेबांनी पाटीकडे पाहिलं, भरल्या वांग्याकडे पाहिलं आणि शिपायाला पाटी उतरवायला सांगितलं.

गल्लीतली बातमी अर्धीच खरी निघाली. बंद झाली ती पाटी.