आढ्यावरची शिकवणी

फार पूर्वी, शाळांवर कौलं होती तेव्हाची गोष्ट. इंग्रजीच्या वर्गाच्या आढ्यावर एक साळुंकी राहायची. खाली बाई शिकवायच्या, वर ही पिल्लाकडून घोकून घ्यायची, "टेबलावर म्हणजे ऑन, टेबलाखाली म्हणजे अंडर." पिल्लू रोज चुकायचं. "माझंच शिकवणं कच्चं," असं म्हणत ती कुढायची.

एका सुट्टीच्या दिवशी पिल्लू उडता उडता टेबलावर पडलं, आणि दारात बोका! भीतीने साळुंकीला एकही शब्द आठवेना. पिल्लू मात्र टुणकन उडी मारून कपाटाखालच्या फटीत सरकलं. बोका कंटाळून निघून गेला.

"आई, सांग बघू, मी कुठे लपलो होतो?"

"कपाटाच्या... ऑन?"

"अगं, अंडर!" पिल्लू खिदळलं.

आपलं उत्तर चुकल्याचा एवढा आनंद साळुंकीला कधीच झाला नव्हता.