गरम केकवरचं आयसिंग

एकदा एक वृद्ध मेस्त्री भयंकर चिडले होते. अशा कथांमधले वृद्ध चिडत नसतात, हे मला ठाऊक आहे. ते नदीकाठी बसतात आणि शिष्याच्या अज्ञानाकडे पाहून मंद हसतात. आमचे मेस्त्री हसले नाहीत. ते कोणावर चिडले आणि तो राग शेवटी कुठे जाऊन पोहोचला, एवढंच मला सांगायचं आहे. सांगता सांगता मीही चिडलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मेस्त्रींची एका तालुक्याच्या गावी बेकरी होती. पन्नास वर्षं भट्टीसमोर उभं राहून त्यांच्या भुवया कायमच्या विरळ झाल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात गेल्यावर त्यांनी भट्टी पुतण्याच्या हवाली केली आणि स्वतः मागच्या दाराशी बाकावर बसू लागले. एका दुपारी तिथे मंदा नावाची एक बाई आली. वय बेचाळीस. सोळा वर्षं साडीच्या दुकानात उभं राहून तिने साड्या उलगडल्या होत्या आणि परत घडी घालून ठेवल्या होत्या. गुडघे बोलायला लागले तेव्हा घरबसल्या काही करावं म्हणून तिने केकचा क्लास लावला, हौसेने ओव्हन घेतला. आता तोच ओव्हन विकायला ती निघाली होती.

"काका, तुमच्या ओळखीत कुणाला हवा असला तर सांगा. चारच महिने वापरलाय. सोमवारपासून मी परत दुकानात उभी राहणार."

"बिघडलाय का?"

"ओव्हन चांगला आहे. माझ्याच हातात ते नाही."

"काय नाही?"

मंदाने सांगितलं ते असं. गावात केक शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांच्या केकवरचं पांढरंशुभ्र साखरेचं आयसिंग पाहायला लोक क्लासच्या दाराबाहेर थांबत. क्लासमध्ये त्यांनी सगळ्या बायकांना कृती लिहून दिली होती. पिठीसाखर, दूध, लिंबाचे चार थेंब. याहून साधी कृती स्वयंपाकघरात दुसरी नसेल. पण मंदाच्या केकवर ते ठरेचना. ओतलं की पाण्यासारखं होऊन ताटलीत उतरायचं. एकदा झालं, दोनदा झालं, दर वेळी तिने मॅडमना सांगितलं, तिसऱ्यांदा तर ती तो केक डब्यात घालून मॅडमना दाखवायला घेऊन गेली.

"मग काय म्हणाल्या?"

"बोट लावून बघितलं. हसल्या. म्हणाल्या, मंदाताई, कृती मी देऊ शकते, पण हात असावा लागतो. तो देवाकडूनच आणावा लागतो."

मेस्त्रींनी पुतण्याला हाक मारून एक छोटा केक भट्टीत ठेवायला सांगितला आणि मंदाला म्हणाले, "इथे कर. माझ्यासमोर."

मंदाने वाटीभर पिठीसाखर चाळली. चमचाभर दूध घातलं, घोटलं, आणखी थोडं घातलं, मग थेंबाथेंबाने. लिंबू पिळलं. मेस्त्रींनी चमचा उचलून धार सोडली. धारेची रेघ वाडग्यात वर दिसत राहिली आणि दहा आकडे मोजेपर्यंत हळूहळू मिसळून गेली. मेस्त्रींनी मान डोलावली, कारण यात सुधारायला काही नव्हतं. एवढ्यात केक बाहेर आला. मंदाने तो फडक्याने धरून ताटलीत उलटा केला आणि मेस्त्री काही बोलायच्या आत वाडगं त्यावर रिकामं करायला लागली. अर्धं ओतून होईपर्यंत साखर वितळून चारी बाजूंनी खाली आली.

"बघितलंत?" मंदा म्हणाली.

"गरमच का ओतलंस?"

"गरम असतानाच मुरतं ना, काका. गुलाबजाम काय, बालुशाही काय, कढईतून काढून लगेच पाकात. निवल्यावर पाक आत शिरत नाही. आईने तसंच शिकवलंय."

मेस्त्रींनी फळीवरून सकाळी भाजलेला एक केक काढला, तिच्यासमोर ठेवला आणि वाडग्यात उरलेलं ओतायला सांगितलं. मंदाने ओतलं. आयसिंग संथपणे पसरलं, कडेपर्यंत गेलं, दोन-तीन ओघळ खाली आले आणि अर्ध्यावर थांबले. थोड्या वेळाने त्यावर पातळ, कोरडी साय धरली. मंदा कधी केककडे बघत होती, कधी स्वतःच्या तळहाताकडे.

"काय केलंत तुम्ही?"

"मी काय करणार? साखर तुझी, हात तुझा. हा केक गार होता. पाक मुरवायचा असतो पोरी, हे वर बसवायचं असतं." मग त्यांनी जरा वेगळ्या आवाजात विचारलं, "मॅडमना सांगितलं होतंस, गरम असताना ओततेस म्हणून?"

"सांगितलं ना. तिन्ही वेळा. त्यांनीच विचारलं, कसं केलंस ते पहिल्यापासून सांग."

"आणि क्लासमध्ये त्या ओततात तो केक?"

"तो आधीच टेबलावर झाकून ठेवलेला असतो."

मेस्त्री इथे चिडले, आणि खरं सांगायचं तर माझाही तोल इथेच जातो. केक गार होऊ दे. चार शब्द आहेत. ते उच्चारायला किती श्रम पडतात? साखरेच्या पाकात हयात गेलेल्या बायका हीच चूक करणार, हे त्या मॅडमना पहिल्या दिवसापासून दिसत होतं. चूक कुठे झाली, हे मंदाने स्वतःच्या तोंडाने त्यांना तीनदा सांगितलं होतं. तरी त्यांनी ते चार शब्द गिळले आणि वर देवाचं नाव पुढे केलं. अर्जात कोणती सही राहिली ते न सांगता अर्ज परत करणारा कारकून आपल्याला संतापजनक वाटतो. पण तो निदान अर्जच परत करतो, तुझ्यात जन्मतःच खोट आहे असं म्हणत नाही. शिकवणाऱ्याने असं म्हणावं, आणि शिकणाऱ्याने ते खरं मानून ओव्हन विकायला काढावा, याला मी तरी सभ्य शब्दांत नाव देऊ शकत नाही.

"उद्या सकाळी ये," मेस्त्री म्हणाले. "ओव्हन तोवर विकू नकोस."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता गावाने एक विचित्र दृश्य पाहिलं. ऐंशी वर्षांचे मेस्त्री केकचा गरम डबा पंच्यात गुंडाळून, छातीशी धरून भर बाजारातून तरातरा चालले होते. मागून मंदा जवळजवळ पळत होती.

"काका, राहू द्या हो. भांडण नको. मला कळलं ना आता."

"तुला कळलं. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

क्लासमध्ये अकरा बायका वह्या उघडून बसल्या होत्या. मॅडम टेबलामागे उभ्या होत्या, साठीच्या जवळ आलेल्या, नीटनेटक्या, शांत. मेस्त्रींनी न विचारता टेबलावरची ताटली ओढली आणि डबा तिच्यावर पालथा घातला. केकमधून वाफ निघत होती. शेजारी आयसिंगचं वाडगं तयार होतं. ते त्यांनी मॅडमसमोर सरकवलं.

"नलू, ओत."

बायका चपापल्या. मॅडमना नलू म्हणणारं कुणी असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. मॅडमनी सवयीने वाडगं उचललं, केकवर नेलं. दुसऱ्या हाताच्या बोटांची मागची बाजू आपसूक केकच्या कडेला लागली. त्यांनी वाडगं परत खाली ठेवलं.

"मेस्त्री, हा गरम आहे."

"मग?"

"वाहून जाईल."

दुसऱ्या रांगेतली एक तरुण मुलगी उठून उभी राहिली. "मॅडम, माझंही वाहून गेलं होतं. मीही गरमच ओतलं होतं. तुम्ही म्हणालात की माझा हात जड आहे."

"ऐका!" मेस्त्री गरजले. "हिचा हात देवाकडून आलेला नाही. हिला ठाऊक आहे, तुम्हाला सांगितलेलं नाही, एवढाच फरक! हिने तुमच्याकडून शिकवणीचे पैसे घेतले आणि तुमचीच उमेद काढून घेतली. लाज वाटायला पाहिजे!"

मॅडमनी मान खाली घातली नाही. त्या इतक्या हळू बोलल्या की मागच्या बायकांना पुढे वाकावं लागलं.

"आणि मला कुणी सांगितलं होतं, मेस्त्री? वीस वर्षांची होते मी, तुमच्या भट्टीवर कामाला आले तेव्हा. तीन वर्षं ओघळलेली साखर फरशीवरून पुसली. तुम्ही समोर उभे राहून बघत होता. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणालात, नलू, हात असावा लागतो. घरी जाऊन मी माझ्या हातांकडे बघून रडायची. मग एका सकाळी घाईत केक तसाच राहून गेला, दुपारी ओतलं आणि बसलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, आता तू तयार झालीस. मला वाटलं, शिकवतात ते असंच."

मेस्त्रींनी टेबलाची कड धरली. मंदाने पटकन खुर्ची पुढे केली, तिच्यावर ते बसले. केकची वाफ आता कमी झाली होती.

"खरं आहे," ते म्हणाले. "तेव्हा आख्ख्या पंचक्रोशीत माझ्या एकट्याच्या केकवर आयसिंग बसायचं. लोक नावाजायचे. ही पोरगी हुशार होती. मला भीती वाटली, एवढंसं सांगून टाकलं तर माझ्याकडे राहिलं काय? म्हणून हात म्हणालो. हात म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. कालपासून मी रागाने धुमसतोय, आणि तो राग घेऊन भलत्याच घरी आलो." त्यांनी मॅडमकडे पाहिलं. "नलू, तुझ्या हातात काही कमी नव्हतं. केक गरम होता. चाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं."

मॅडम फळ्याकडे वळल्या, खडू घेतला आणि कृतीच्या सगळ्यात वर, साखरेच्याही आधी लिहिलं: केक गार होऊ दे. अकरा वह्यांमध्ये तेवढं वाक्य उतरलं. मग चहा आला. सगळ्याजणी त्या केकभोवती बसून तो गार व्हायची वाट बघत राहिल्या. अर्ध्या-पाऊण तासाने मॅडमनी वाडगं पुन्हा घोटलं आणि मंदाच्या हातात दिलं. मंदाने आधी बोटांची मागची बाजू केकला लावली. मग ओतलं. आयसिंग कडेला येऊन थांबलं.

"तुमचा ओव्हन विकायचाय म्हणे?" शेजारच्या बाईने विचारलं.

"नाही," मंदा म्हणाली. "तो घरीच राहणार." मग तिला काहीतरी आठवलं. "मॅडम, माझ्याबरोबर एक लीलावती होती. तिने मागच्याच महिन्यात विकला. आणि आमच्या आधीच्या बायका?"

आपल्यापैकी ज्याने ज्याने कधी कुणाला काही शिकवलं आहे, त्याने हा प्रश्न जरा वेळ स्वतःजवळ ठेवावा. मॅडमनी कपाट उघडलं. आत हजेरीच्या वह्या होत्या, नऊ वर्षांच्या. सगळ्यात वरची त्यांनी काढली, चष्मा लावला, पहिल्या नावापुढचा नंबर फिरवला आणि उभ्यानेच बोलू लागल्या.

"लीलावती, मी क्लासमधून बोलतेय. तुझ्या हातात काही कमी नव्हतं. केक गरम होता."